लाल चिखलाचा ताळेबंद

'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द आम्ही प्राथमिक शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला शिकलो. कॉलेजात आल्यावर कन्नड विभागातल्या मित्रांकडून त्यांचा जोडीदार कळला : 'कसदिंद रस', म्हणजे कचऱ्यातून रस. दोहोंचा अर्थ एकच असे आपण म्हणतो. पण मराठी वचन वस्तू टिकली पाहिजे असे सांगते, तर कन्नड वचन तिच्यातून काही सत्त्व निघाले पाहिजे असे सांगते. कारखान्यांच्या टाकाऊ मालापासून बायोडिझेलसाठी उत्प्रेरक तयार करण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांना प्रस्तुत लेखात ह्या दोन्ही कसोट्या लावून पाहायच्या आहेत. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. माझे रसायनशास्त्र दहावीपर्यंतचे. त्यामुळे येथे भर हिशेबावर राहील. विज्ञान शाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे.

बायोडिझेल आणि उत्प्रेरक

इ.स. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. मग आपण सरळ तेलच का वापरत नाही? कारण तेल डिझेलपेक्षा कितीतरी पट दाट असते. ते इंजिनात नीट फवारले जात नाही आणि काजळी धरते. म्हणून त्याची मिथेनॉलशी प्रक्रिया घडवतात. साधारणपणे १०० किलो तेल आणि १० ते ११ किलो मिथेनॉल यांपासून सुमारे १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते.

ही प्रक्रिया आपोआप लवकर होत नाही. तिला उत्प्रेरक लागतो. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ : लग्न जुळवतो, पण संसारात राहत नाही. ह्या कामी बहुधा कॉस्टिक सोडा वापरतात. तो स्वस्त आहे आणि काम तासाभरात उरकतो. पण हा मध्यस्थ मांडवातून निघतच नाही. तो विरघळतो, म्हणून बायोडिझेल पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावे लागते. ते क्षारयुक्त पाणी सांडपाण्यात जाते, ग्लिसरीन खराब होते आणि सोडा एकदाच कामी येतो. शिवाय तेल तळून जुने झालेले असेल, तर त्यातील मुक्त मेदाम्लांशी सोड्याची गाठ पडून साबण होतो आणि सगळा घाणा फसतो.

यावर उपाय म्हणजे न विरघळणारा, घन उत्प्रेरक. काम झाले की गाळून घ्यावा आणि पुढच्या घाण्याला पुन्हा वापरावा. येथेच टाकाऊ मालाचा प्रवेश होतो.

आपल्या दारचा लाल चिखल

बेळगावकरांना लाल चिखल नवा नाही. आपल्या शहरालगतच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात. बायर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधलेल्या पद्धतीने बॉक्साइट गरम कॉस्टिक द्रावात विरघळवतात. ॲल्युमिना द्रावात उतरतो. लोह मात्र उतरत नाही. जे उरते तो लाल चिखल. एक टन ॲल्युमिनामागे साधारण १ ते १.५ टन चिखल पडतो. त्यात लोहाची व टायटॅनियमची ऑक्साइडे, सिलिका, थोडा ॲल्युमिना आणि धुऊनही न गेलेला सोडा असतो. ह्या सोड्यामुळे तो जहाल अल्कधर्मी असतो, आणि हीच त्याची खोड उत्प्रेरकाच्या दृष्टीने गुण ठरते. संशोधकांनी तो वाळवून, भाजून, कधी तसाच तर कधी त्यावर दुसरे क्षार बसवून बायोडिझेलसाठी वापरून पाहिला आहे.

लाल चिखल एकटाच नाही. औष्णिक वीज केंद्रांची राख, कागद कारखान्यांतला चुन्याचा गाळ, अंड्यांची टरफले यांवरही असे प्रयोग झाले आहेत. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दगडी कोळशाच्या राखेवर अंड्याच्या टरफलांचा चुना बसवून सोयाबीन तेलापासून बायोडिझेल केले. टरफल काय किंवा चुन्याचा गाळ काय, दोहोंत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. ते भट्टीत ८००-९०० अंशांवर भाजले की कळीचा चुना मिळतो, आणि तोच खरा उत्प्रेरक.

दोन कसोट्या

पहिली कसोटी 'रसा'ची : उत्प्रेरक काम करतो का? करतो. योग्य तापमान, वेळ व मिथेनॉल दिले की चांगला उतारा मिळतो. मात्र घन उत्प्रेरक सोड्यापेक्षा संथ असतो आणि त्याला मिथेनॉल जास्त लागते. जुन्या तेलातील आम्लांपुढे चुनाही हरतो. त्याचाही साबण होतो. म्हणून असे तेल आधी निराळ्या प्रक्रियेने सुधारून घ्यावे लागते.

दुसरी कसोटी 'टिकाऊ'पणाची, आणि ती अधिक कडक आहे. लाल चिखलातील सोडा जर हळूहळू विरघळून मिथेनॉलमध्ये जात असेल, तर काम चिखल करीत नसून सोडाच करीत आहे. मग दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याला उतारा घसरतो आणि धुण्याचे पाणी पुन्हा लागते. याची परीक्षा सोपी आहे. प्रक्रिया अर्ध्यावर असताना उत्प्रेरक गाळून काढावा. त्यानंतरही प्रक्रिया जोरात चालू राहिली, तर मध्यस्थ विरघळला असे समजावे.

आता जमाखर्च

उदाहरणादाखल १००० किलो तेलाचा घाणा घेऊ. कॉस्टिक सोडा १ टक्का धरला तर १० किलो लागेल. घन उत्प्रेरक ५ टक्के धरला तर ५० किलो. तो पाच वेळा वापरता आला तरच दर घाण्याला १० किलो पडतो, म्हणजे वजनात सोड्याशी बरोबरी होते. दोनदाच चालला, तर आपण सोड्याच्या अडीचपट चिखल हलवीत आहोत.

'पण चिखल फुकट आहे ना?' हा प्रश्न मीही घरी मोठ्या उत्साहाने मांडला होता. खडे बाजारात आमचे फरसाणाचे लहान दुकान आहे. तळून काळे झालेले तेल आप्पा डब्याच्या भावाने विकतात. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "अरे, चिखल फुकट मिळंल, पण तेल फुकट मिळंल काय?"

पुस्तके चाळल्यावर कळले, की आप्पांनी दुखणे बरोबर धरले होते. बायोडिझेलच्या खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग तेलाचाच असतो. उत्प्रेरकाचा वाटा त्यामानाने किरकोळ. शिवाय फुकटचा माल वाहून आणणे, वाळवणे, दळणे आणि भाजणे फुकट नसते. १०० किलो कॅल्शियम कार्बोनेट भाजले तर चुना ५६ किलोच मिळतो. उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जाते. हरित इंधनाच्या वहीत ही रकमही खर्चाच्या बाजूला लिहिली पाहिजे. म्हणजे टाकाऊ उत्प्रेरकाची खरी जमा त्याच्या स्वस्ताईत नाही. ती वाचलेल्या पाण्यात आणि स्वच्छ ग्लिसरीनमध्ये आहे. तीही तो टिकला तरच.

डोंगर आणि घमेले

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा हिशेब. उत्प्रेरकामुळे लाल चिखलाचा प्रश्न सुटेल असे अनेकदा सुचवले जाते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य आहे. देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल खपते. त्याचे ५ टक्के म्हणजे ४५ लाख टन. हे सगळे बायोडिझेल केवळ लाल चिखलाच्या उत्प्रेरकाने केले आणि तो पाच-पाच वेळा वापरला, तर वर्षाला सुमारे ४५ हजार टन चिखल लागेल. आणि देशात चिखल पडतो वर्षाला सुमारे ९० लाख टन. म्हणजे शंभरातला अर्धा टन! डोंगर उपसायला एक घमेले.

हा डोंगर निरुपद्रवी नाही. हंगेरीतील आयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी लाल चिखलाच्या तळ्याचा बांध फुटला. खालच्या गावांत चिखल घुसला, दहा माणसे दगावली, कित्येकांना भाजल्याच्या जखमा झाल्या. अशा साठ्याला उतार मिळायचा तर सिमेंटसारखा मोठा खप असलेला उद्योगच हवा, आणि सिमेंट कारखाने तो वापरू लागले आहेत ही चांगली गोष्ट आहे. उत्प्रेरकाचे संशोधन जरूर व्हावे. पण 'आता चिखलाचे काहीतरी होते आहे' असे समाधान मानून बांधाकडे दुर्लक्ष होऊ नये.

हिशेबशास्त्रात पहिला धडा असतो, की रक्कम बरोबर असून चालत नाही, ती योग्य खात्यात लिहावी लागते. टाकाऊपासून केलेला उत्प्रेरक 'कचरा निर्मूलन' खात्यात लिहिला तर ताळेबंद खोटा ठरेल. 'पाण्याची बचत' ह्या खात्यात लिहिला तर तो खरा ठरू शकेल. आमच्या दुकानातले काळे तेल पुन्हा कोणाच्या कढईत न जाता इंजिनात गेले, तर 'आरोग्य' खात्यातही काही जमा होईल. परंतु त्यासाठी आप्पांना डब्यामागे योग्य भाव मिळाला पाहिजे. आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांनी उत्प्रेरक टिकवून दाखवावा. भावाचे गणित आम्ही वाणिज्यवाले मांडू.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष