बाणी कंठ कर, पण घाई नको

छोटे, तू विचारतेस की पाचही बाण्या मोबाइलमध्ये आहेत, हव्या त्या रागीच्या आवाजात ऐकता येतात, मग तोंडपाठ कशाला करायच्या? दादीला हे विचारायची तुझी छाती झाली नाही, म्हणून माझ्याकडे आलीस. बरं केलंस. दादी रागावली नसती. तिने तुला तिथल्या तिथे जपजी म्हणायला बसवलं असतं, आणि अकराव्या पौडीनंतर बारावी म्हणायच्या ऐवजी तू फिरून आठवीवर गेली असतीस. सगळ्यांचं तिथेच होतं. त्याच्यावर उपाय आहे, पुढे सांगते.

आधी हे बघ की तुला काय काय येतंच. मूलमंत्र येतो. अरदास येते, निदान सुरुवातीच्या गुरूंच्या नावांपासून पाच प्याऱ्यांपर्यंत तू कधी अडखळत नाहीस. आनंद साहिबच्या चाळीस पौड्यांपैकी पहिल्या पाच आणि शेवटची येते, कारण प्रत्येक समाप्तीला त्याच म्हणतात आणि त्यानंतर कडाहप्रसाद मिळतो. तुला कुणी छडी घेऊन शिकवलं का? आईच्या मांडीवर पेंगता पेंगता ते कानात गेलं आणि राहिलं. म्हणजे तू ‘सुरू करू की नको’ विचारतेस ते उशिराच. सुरू कधीच झालंय, आता फक्त लक्ष घालायचंय.

मोबाइल असताना कशाला, हा प्रश्न तसा जुनाच आहे गं. पोथी असताना कशाला, असं तेव्हाही कुणीतरी विचारलं असेल. करतारपूरला रावीच्या काठी गुरु नानक स्थायिक झाले, तेव्हा पहाटे जपजी आणि संध्याकाळी सोदर व आरती असा तिथला नेम होता, असं भाई गुरदासांनी आपल्या वारांमध्ये लिहून ठेवलंय. संगतीत शेतकरी होते, कारागीर होते. त्यांच्या घरी कुठली पोथी? ऐकायचं, म्हणायचं, शेतावर जाताना पुन्हा म्हणायचं. पुढे १६०४ मध्ये गुरु अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, लेखणी भाई गुरदासांची, आणि हरिमंदिरात त्याचं प्रकाशन झालं तेव्हा पहिले ग्रंथी झाले बाबा बुढ्ढा. पण बीड, म्हणजे ग्रंथाची प्रत, हाताने लिहायची. एक नक्कल उतरवायला किती दिवस लागत असतील याचा अंदाज कर. छापखाने आले एकोणिसाव्या शतकात. तोवर बहुतेक शिखांपाशी जी बाणी होती ती कंठात होती.

आणि एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. जुन्या बिडा लड़ीवार असतात, म्हणजे दोन शब्दांमध्ये जागाच सोडलेली नसते, ओळभर अक्षरं एकमेकांना चिकटून चाललेली. शब्द कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो हे कान तयार असेल त्यालाच कळणार. मला वाटायचं, ग्रंथ आला की पाठांतराची गरज संपली. उलटच होतं. पाठांतर असल्याशिवाय ग्रंथ वाचताच यायचा नाही.

दमदमा साहिबची गोष्ट तुला माहीत आहे. मूळ बीड करतारपूरच्या (रावीकाठचं नव्हे, दुसरं) धीरमलियांकडे होती आणि ते ती द्यायला तयार नव्हते. तेव्हा तलवंडी साबोला गुरु गोबिंदसिंगांनी सगळी बाणी मुखाने सांगितली आणि भाई मनीसिंगांनी ती लिहून घेतली, नववे गुरू तेगबहादूर यांची बाणीही तिच्यात आली, अशी आपली परंपरा सांगते. अभ्यासक त्यातल्या तपशिलावर वाद घालतात, घालोत. मला त्या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे की पंथाने आपल्या ग्रंथाची अशी आठवण जपली. पुढे १७०८ मध्ये आपल्या नांदेडलाच गुरूंनी गुरुगद्दी ग्रंथसाहिबांना दिली. गोदावरीच्या काठी वाढलेल्या मुलीला हे मी काय सांगायचं!

पण म्हणून घाबरू नकोस. १४३० अंग कुणी तुझ्याकडून मागत नाही. मुसलमानांमध्ये हाफिज असतात, अख्खं कुराण पाठ असलेले. तशी पदवी, तशी अपेक्षा आपल्यात नाही. अखंड पाठाला तर येत असलं तरी समोर ग्रंथसाहिबांचं स्वरूप हवं आणि नजर अक्षरावर हवी. आपल्याला कंठ करायचा आहे तो नितनेम. पहाटे जपजी, जाप, सवैये, चौपई, आनंद, संध्याकाळी रहिरास, झोपताना सोहिला. त्यातही एकदम सगळं नाही.

आता मला खरं कारण विचारशील तर ते इतिहासात नाहीये. तू लहान होतीस तेव्हा दादाजींना अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. आत जाताना फोन बाहेर ठेवायचा, चप्पल बाहेर, पर्स बाहेर. दादीच्या हातात गुटका, म्हणजे बाणीची छोटी पोथीसुद्धा नव्हती. ती खाटेशेजारी उभी राहून सुखमनी म्हणत राहिली, चोवीस अष्टपद्या, ओठ तेवढे हलत होते. मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला काही येत नव्हतं. सुखमनीने दादाजी बरे झाले असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी आणि औषधांनी बरे झाले, आणि बाणीकडे गोळीसारखं बघणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण त्या खोलीत दादीला उभं राहायला जागा होती, मला नव्हती. सोहिलाचंही तसंच. ती रोज रात्री म्हणायची बाणी, आणि अंत्यसंस्कारालाही तीच. त्या वेळी डोळ्यांपुढे अक्षर दिसत नसतं, छोटे.

बरं, कसं करायचं? सगळे जपजीपासून सुरू करतात आणि पंधरा-सोळा पौड्यांवर दम सुटतो. माझं ऐकशील तर सोहिलापासून सुरू कर. पाच शबद: तीन गुरु नानकांचे, एक गुरु रामदासांचा, एक गुरु अर्जनदेवांचा. रात्री दिवा मालवल्यावर अंथरुणात म्हणायचे. एक शबद नीट बसला की दुसरा. नवा शिकताना मागचे सोडायचे नाहीत, पहिल्यापासून म्हणत नव्यापर्यंत यायचं. मोठ्याने म्हण, निदान ओठ हलव. मनातल्या मनात म्हटलेलं फसवं असतं, अर्धी ओळ गिळली तरी मन म्हणतं ‘येतंय येतंय’. रूममेट हसली तर हसू दे, महिन्याभरात तिलाही अर्धं येईल.

त्यानंतर आनंद, कारण सहा पौड्या तुझ्या आहेतच. मग जाप. जाप साहिबचे १९९ छंद ऐकून लोक कचरतात, पण तुला ते जपजीपेक्षा सोपं जाईल. शाळेत मनाचे श्लोक म्हटलेस ना? त्यांचं वृत्त भुजंगप्रयात, आणि जापमध्ये सुरुवातीलाच भुजंगप्रयात आहे. तीच चाल, तोच झोका. एकदा पकडलास की जीभ आपोआप पुढे जाते. मध्ये छंद बदलतो, ओळी आखूड होतात, तिथे वेग वाढवायचा मोह होतो. तो आवर.

जपजीला मात्र सकाळचा निवांत वेळ दे. अडतीस पौड्या आणि शेवटचा सलोक. आता त्या आठवी-बारावीच्या घोळाचं. आठ ते अकरा या चार पौड्या ‘सुणिऐ’च्या, बारा ते पंधरा या चार ‘मंनै’च्या. आधी ऐकणं, मग मानणं, असा तो क्रम आहे. हे कळलं की जीभ मागे वळत नाही. सोळा ते एकोणीस या चारांचा शेवट सारखाच आहे, म्हणून तिथेही माणूस गोल गोल फिरतो. तिथे प्रत्येक पौडीची पहिली ओळ बोटावर मोजून ठेव. आणि चौतीसपासून पुढे धर्म, ज्ञान, सरम, करम, सच असे पाच खंड चढत जातात, ती चढण ध्यानात आली की तिथे चुकायला वावच राहत नाही. थोडक्यात, जिथे चुकतेस तिथे अर्थ बघ. घोकण्यापेक्षा त्याने लवकर सुटतं.

एक कडक सूचना. स्वतःच्या मनाने, नुसता गुटका बघून पाठ करू नकोस, आधी संथा घे. तुझा गुटका देवनागरीतला आहे आणि तीच गोम आहे. गुरबाणीत शब्दाच्या शेवटी जे ऱ्हस्व उकार-इकार लिहिलेले असतात ते बहुतेक वेळा व्याकरणाच्या खुणा असतात, उच्चारायचे नसतात. लिहिलेलं असतं ‘नामु’, म्हणायचं ‘नाम’. आपण मराठी शाळेत शिकलेल्या मुली, दिसेल ते अक्षर स्वच्छ उच्चारणार! चुकीचा उच्चार एकदा जिभेवर बसला की उठता उठत नाही. कॅम्पातल्या गुरुद्वाऱ्यात रविवारी जातेसच, तिथल्या भाईसाहेबांना सांग, ‘संथा द्या’. नाही म्हणणार नाहीत. जमलं तर गुरमुखी लिपीही शिकून घे, देवनागरी येणाऱ्याला ती काही जड नाही.

उच्चाराचं एवढं काय, असं म्हणशील. गुरु हरिराय यांचा मुलगा रामराय औरंगजेबाच्या दरबारात गेला होता. बादशहाला खटकेल म्हणून त्याने गुरु नानकांच्या बाणीतला एक शब्द बदलून सांगितला. एकच. गुरूंनी पोटच्या पोराचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. तुझी-माझी चूक तशी नसते, आपण काही कुणाला खूश करायला चुकत नाही, त्यामुळे अडखळलीस तर अपराधी वाटून घेऊ नकोस. पण ‘साधारण असंच काहीतरी आहे’ ही सवय बाणीला चालत नाही.

आता दुसरी बाजू. नुसतं पाठांतर म्हणजे धर्म नव्हे. आसा दी वारमध्ये गुरु नानकांनी गाडे भरभरून ग्रंथ वाचणाऱ्यांना असं काही सुनावलंय की वाचताना आपणच ओशाळतो. दोन मिनिटांत चौपई संपवून दाखवणारी मुलं मी पाहिली आहेत, आजूबाजूचे टाळ्या वाजवतात. मला ते आवडत नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा एकाच पौडीचा अर्थ बघ. प्रोफेसर साहिबसिंगांचा ‘दर्पण’ दहा खंडांचा आहे, आपल्याला हवं ते पान तेवढं उघडायचं. आणि नामदेवांची पदं विसरू नकोस. ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. वर्गातल्या वारकऱ्यांच्या मुलींना हरिपाठ पाठ असायचा तेव्हा आपण किती कौतुकाने ऐकायचो! त्यांच्या दिंडीतले नामदेव आपल्याही ग्रंथात आहेत, हे त्यांतल्या कितीजणींना माहीत होतं कुणास ठाऊक. तू एक पद कंठ कर आणि पुढच्या वेळी सांग त्यांना.

मन लागत नाही अशी तुझी तक्रार असणारच, म्हणून भाई गोपालांची साखी सांगते. गुरु हरगोबिंदांनी संगतीला विचारलं, शुद्ध आणि एकचित्ताने जपजी कोण म्हणेल? भाई गोपाला पुढे आले. म्हणत गेले तसतसे गुरू प्रसन्न होत गेले, मनात आलं की याला गुरुगद्दीच द्यावी. शेवट जवळ आला आणि गोपालांच्या मनात आलं, गुरूंच्या तबेल्यातला तो नवा घोडा मिळाला तर काय बहार होईल! पाठ संपला. गुरूंनी हसून घोडा देऊन टाकला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला गोपालांची कीव यायची. आता वाटतं, अडतीस पौड्यांच्या टोकापर्यंत जाऊन एकदाच घोडा आठवला, केवढा मोठा माणूस! आपलं मन मूलमंत्र संपायच्या आत कॅन्टीनला पोचतं. पोचू दे. लक्षात आलं की जिथे सुटलं तिथून पुन्हा धर, पहिल्यापासून सुरू करून स्वतःला शिक्षा देऊ नकोस.

सोहिला झाला की फोन कर, ऐकते. चुका काढीन, आत्ताच सांगून ठेवते. रहिरासला हात घालण्याआधी मात्र दादीला विचार की घरची कुठली पोथी धरायची. बाजारातल्या बऱ्याच गुटक्यांत आटोपशीर रहिरास असते आणि आपल्या हजूर साहिबला म्हणतात ती बरीच लांब. तू छोटी पाठ करून येशील आणि संध्याकाळी दादीबरोबर बसलीस की ती पुढे म्हणत राहील आणि तू तिच्या तोंडाकडे बघत बसशील.