एकटी पास, घोळक्यात नापास

अगं, टेस्ट एकटी चालवली की पास आणि सगळ्यांबरोबर चालवली की अधूनमधून फेल, एवढ्यावरून रडकुंडीला येऊ नकोस. पण पुन्हा रन करून ‘झाली बघ पास’ म्हणत सोडूनही देऊ नकोस. मधे दोन सेकंदांचा स्लीप टाकायचा मोह होणार तुला. तुझ्या लॅपटॉपवर पुरतीलही ते. एखाद्या जुन्या, रखडत चालणाऱ्या मशीनवर नाही पुरायचे.

आधी पॅरलल शेड्यूलची फाइल उघड. पोस्टग्रेसमध्ये एका ओळीवरच्या सगळ्या टेस्ट एकाच वेळी, एकाच डेटाबेसमध्ये धावतात. प्रघात जास्तीत जास्त २० चा. तुझ्या शेजारी कोण बसलंय ते वाच. दोघींनी टेबलाला एकच नाव दिलं असेल तर भांडण लगेच सापडतं. निकालाच्या ओळी खालीवर होत असतील तर ऑर्डर बाय राहिलाय, संपलं.

तुझं दुखणं मात्र वेगळं दिसतंय. तू सगळ्या रो डिलीट करतेस, व्हॅक्यूम चालवतेस आणि टेबलाचा साइझ शून्य यावा म्हणतेस. त्याच वेळी शेजारच्या टेस्टचं ट्रान्झॅक्शन उघडं असलं, तर तिच्या जुन्या स्नॅपशॉटला त्या रो अजून दिसू शकतात. ती तुझ्या टेबलाला हातही लावणार नसेल, पण व्हॅक्यूमला ते कसं कळावं? तो बिचारा रो ठेवून देतो. कधी तर शेजारीणही नसते, मागे ऑटो-अ‍ॅनालाइझ चाललेला असतो.

खात्री करून घे. दुसऱ्या टर्मिनलवर त्याच डेटाबेसमध्ये रिपीटेबल रीडचं ट्रान्झॅक्शन सुरू कर, एक साधा सिलेक्ट मार, कमिट करू नकोस. आता तुझी टेस्ट दरवेळी पडेल.

मग टेबल टेंपररी कर. त्यातल्या रो दुसऱ्या सेशनला वाचताच येत नाहीत, म्हणून आवृत्ती १४ पासून व्हॅक्यूम तिथे इतरांच्या स्नॅपशॉटची पर्वा करत नाही. रेलऑप्शन्सची टेस्ट बघ, तिथे हेच केलंय.

टेस्ट उचलून वेगळ्या ओळीवर टाकू नकोस हं. इव्हेंट ट्रिगरच्या टेस्टला ते भागच आहे, कारण तो ट्रिगर डेटाबेसभरच्या डीडीएलवर उठतो. तुझं तसं काही नाही. कमिट मेसेजमध्ये टक्कर कशाशी होत होती ते लिही आणि पॅच पाठव, संध्याकाळी बघते.