रातांब्याचे गुण

सफरचंदाच्या शिरक्याचे गुण हल्ली फार ऐकू येतात. आमच्या खेड तालुक्यात आंबटपणाला रातांबा आहे. त्याच्या साली मीठ घातलेल्या रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवल्या की आमसुले होतात. खारवलेला रस म्हणजे आगळ. अंगावर पित्त उठले की आई आमसुलाचे पाणी चोळते. टाचांच्या भेगांना बियांचे तेल, जे मेणासारखे गोठते नि अंगाच्या उबेने विरघळते. शिरक्यात अ‍ॅसिटिक आम्ल, रातांब्यात हायड्रॉक्सिसायट्रिक. या आम्लाने वजन उतरते म्हणतात. १९९८ च्या अमेरिकेतील चाचणीत मात्र तसे आढळले नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. माझी फी आईच्या आमसुलांवरच भरली जाते. यंदा वळीव लवकर आला; अर्ध्या वाळवणाला बुरशी लागली.