शुष्क कासात श्वासनियमन : चिकित्सा की वेगधारण?

विठ्ठलवाडी-उल्हासनगर परिसरात जीर्ण कासाचे रुग्ण बारमाही आढळतात. शिलाई-कारखान्यांतील धूळ व तंतू, रस्त्यावरील धूर, वालधुनीकाठची दुर्गंधी हे हेतू येथे इतिहास घेताना विचारलेच पाहिजेत. २०१४ च्या अखेरीस वालधुनीत रसायन सोडले गेल्यावर शेकडो नागरिकांना रुग्णालय गाठावे लागले होते.

अशा रुग्णास खोकला आवरण्यासाठी श्वासनियमन सांगितले की काही वैद्य आक्षेप घेतात, आणि तो रास्त आहे. चरकाचार्यांच्या तेरा अधारणीय वेगांत कास नाही. वाग्भटांनी मात्र अष्टांगहृदयात त्याची गणना केली असून, तो वेग रोखल्यास कासवृद्धी, श्वास, अरुची, हृद्रोग, शोष व हिक्का संभवतात असे म्हटले आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते निर्णय कफाच्या अस्तित्वावर करावा. कफज कासात बाहेर टाकण्याजोगे द्रव्य असते; तेथे वेग दाबणे हा अपचारच. वातज शुष्क कासात टाकण्यासारखे काहीच नसते. ढास कंठास घासते आणि क्षुब्ध कंठ पुन्हा ढास उत्पन्न करतो. हे चक्र तोडणे हे प्राणोदानाचे अनुलोमन होय, वेगधारण नव्हे. ऑस्ट्रेलियातील ॲन व्हर्टिगन व सहकाऱ्यांनी ८७ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांना न जुमानणारा खोकला चार सत्रांच्या अशाच प्रशिक्षणाने लक्षणीय घटल्याचे त्यात दिसले.

विधी सोपा आहे, शिकविण्यास मात्र वेळ लागतो. ढास येण्यापूर्वीची खवखव रुग्णास ओळखता आली पाहिजे. त्याच क्षणी मुख मिटून कोमट पाण्याचा घोट गिळावा, खांदे सैल सोडावेत, नाकाने हलका श्वास घेऊन ओठांच्या चंबूतून त्याहून दीर्घ काळ सोडावा. अशी पाच-सहा आवर्तने करावीत, कुंभक नको. तरीही ढास आलीच तर खोकू द्यावे. खवखव नसतानाही दिवसातून तीन-चार वेळा सराव हवा. कपालभाती लोकप्रिय असली तरी शुष्क कासात ती कंठ अधिक रूक्ष करते; गर्भिणी, हर्निया व उच्च रक्तदाब यांत तर ती वर्ज्यच.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास प्रथम क्षयासाठी थुंकीची तपासणी करावी. रक्तष्ठीवन, सायंज्वर वा वजनात घट असल्यास विलंब नको. औषधविक्रेत्यांनी सिरपची बाटली देण्यापूर्वी रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे हे विचारावे. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या वर्गातील औषधांनी कोरडा खोकला येतो. तेथे गोळी परस्पर बंद न करविता रुग्णास मूळ चिकित्सकाकडे पाठवावे.