बागेंतील माशीच्या अळ्यांची ओळख

पावसाळा ओसरूं लागला कीं घराजवळच्या बाडींत कारलीं, दोडके, ढेमसें यांच्या वेलांखालीं किडकीं फळें पडूं लागतात. फळ चिरून पाहावें तों आंत पांढऱ्या अळ्या वळवळतात, आणि आपला हात फवारणीच्या पंपाकडे जातो. परंतु फेरफाराची नोंद करण्यापूर्वीं खातेदाराची ओळख पटवावी, हा आमच्या जुन्या कचेरीचा नियम येथेंही लागू आहे.

प्रथम अळी कागदावर घेऊन भिंगानें तिचे पाय पाहावे. कपाशीच्या बोंडांतील शेंदरी अळीला पुढें सहा पाय व पोटाखालीं मांसल पाय असतात. ती पतंगाची होय. शेणखतांतील हुमणी वांकलेली, तपकिरी डोक्याची व सहा पायांची असते. ती भुंगेऱ्याची होय. माशीच्या अळीस पाय नसतात, व बहुधा डोकेंही स्पष्ट दिसत नाहीं.

यानंतर ती कोठें सापडली तें पाहावें.

फळांत सापडलेली अळी पांढुरकी, पुढें निमुळती व मागें बोथट असून, पूर्ण वाढली असतां अंग वांकवून उडी मारीत असेल तर ती फळमाशीची समजावी. माशी सालीखालीं अंडीं घालते, अळी गर खाते व पुढें मातींत शिरून कोश करते. फळाच्या आंत फवारा नीट पोंचत नाहीं. म्हणून किडकीं फळें रोज वेंचून दीड हात खोल पुरावीं, वेलाखालची माती हलवावी व नर माशा धरणारे क्यू ल्यूरचे सापळे टांगावे.

पानांवर माव्याच्या घोळक्यांत हिरवट, चपटी, जळवेसारखी अळी दिसली तर ती सिरफिड माशीची, म्हणजे आपली मित्र होय. ती शेकडो मावा खाते. मीं एकदां तिलाच शत्रु समजून चवळीवर फवारा मारला; अळ्या मेल्या, आणि थोड्याच दिवसांत मावा दुपटीनें वाढला.

खताच्या खड्ड्यांत करडी, चपटी व चामड्यासारख्या कातडीची अळी आढळल्यास ती सोल्जर माशीची असावी. ती कचऱ्याचें खत करण्यास मदत करते, व कोंबड्याही ती आवडीनें खातात. ताज्या शेणांतील गुळगुळीत पांढरी अळी मात्र बहुधा घरमाशीची असते. तेथें शेण उघडें न ठेवणें हाच उपाय.

एवढी चिकित्सा कशासाठीं, असें कोणी विचारील. सन २०१७ च्या हंगामांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. जो फवारा टाळतां येतो तो टाळणें, हें केवळ पैशाचेंच नव्हे तर जिवाचेंही रक्षण आहे.

तरीही ओळख पटली नाहीं, तर अळी किडक्या फळासह ओलसर मातीच्या बरणींत ठेवून तोंडास फडकें बांधावें. कांहीं दिवसांनीं माशी बाहेर येईल. ती बरणी घेऊन यवतमाळच्या कृषि विज्ञान केंद्रांत जावें, आणि मगच औषधाचा विचार करावा.