स्वस्त आणि सकस



गतवर्षी पावसाळ्यातील एका सकाळी प्रार्थना चालू असता नववीतील एक मुलगा रांगेतच कोसळला. आम्ही त्यास वर्गात नेऊन बाकावर निजवले, तोंडावर पाणी शिंपडले. शुद्धीवर आल्यावर चौकशी करता कळले की, पहाटेच्या कपभर चहावाचून त्याच्या पोटात काहीच नव्हते. दप्तरात मात्र दहा रुपयांचे तळलेल्या कुरकुरीत पदार्थाचे पाकीट होते. दुपारी त्याची आई धावत आली. ती म्हणाली, "सर, घरात पेज रोज असते हो. पण हा म्हणतो, पेज गरिबांची."

ते ऐकून आम्हांसच लाज वाटली. कारण महाविद्यालयात असताना आपण घरी पेज जेवतो, हे आम्हीही सोबत्यांना कधी सांगितले नव्हते. तेव्हा हा पाठ जितका त्या मुलासाठी, तितकाच आमच्यासाठी आहे.

आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारी व अनुदानित शाळांतून माध्यान्ह आहार मिळतो. नववीत पाऊल टाकताच तो थांबतो. आणि वाढीच्या याच वयात अन्नाची गरज अधिक असते. ज्या घरची मिळकत बेताची, तेथे हा प्रश्न रोज चुलीपुढे उभा राहतो. पैसा थोडा असेल, तर तो कशावर खर्चावा?

प्रथम आपल्या पेजेचाच विचार करू. आपल्या गोव्यात ती उकड्या तांदळाची करतात. भात कांडण्यापूर्वी भिजवून उकडले म्हणजे कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते आणि कांडणानंतरही बरेचसे टिकते. या जीवनसत्त्वाच्या अभावी बेरीबेरी नावाचा रोग होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आयकमन या डच वैद्यकाने पाहिले की, पांढऱ्या सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंड्यासह तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. या संशोधनाबद्दल १९२९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आजीने हे संशोधन वाचले नव्हते. तिने उकडा तांदूळ मात्र सोडला नाही. शिवाय पेजेत शिजवलेले पाणी पोटातच जाते, वाया जात नाही.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. नुसती पेज आणि लोणच्याची फोड एवढ्यावर पोट भरते, शरीर भरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहारविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यानुसार दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी तृणधान्यांपासून ४५ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत, आणि डाळी, अंडी, मांस-मासळी यांपासून १४ ते १५ टक्के यावेत. आपल्या पानात भाताचा डोंगर आणि डाळीचा ओघळ असतो. हे प्रमाण बदलणे हाच खरा उपाय होय.

तो उपाय महाग नाही. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. कडधान्यांत तो भरपूर असतो. उलट कडधान्यांत मेथिओनिन कमी, ते तांदळात पुरेसे असते. दोन्ही एकत्र खाल्ली म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढते. म्हणून पेजेबरोबर मुगाची उसळ, भाताबरोबर कुळथाचे सार किंवा अळसांद्यांची भाजी घ्यावी. १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. मासे खाणाऱ्या घरी हंगामातील तारले इसवणाइतकेच पौष्टिक असतात. दर मात्र पुष्कळ कमी असतो.

दुसरे धान्य नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. नाचणीतील सारे कॅल्शियम अंगी लागत नाही हे खरे. परंतु मोड आणून दळलेल्या वा आंबवलेल्या पिठाची आंबील केल्यास ते अधिक लागते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांतील दुकानांत नाचणीची बिस्किटे सुबक वेष्टनांत दिसू लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच!

आता घरी पाळता येतील असे काही नियम सांगतो.

१. तांदूळ पुन्हा पुन्हा चोळून धुऊ नये. भाताची निवळ फेकू नये. ती आमटीत घालावी.

२. आठवड्यातून निदान तीन-चार वेळा तांबडी भाजी, शेवग्याचा पाला वा अन्य पालेभाजी असावी. भाजी आधी धुवावी, मग चिरावी.

३. पालेभाजीवर लिंबू पिळावे; त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये; तो लोहाच्या शोषणास अडथळा आणतो.

४. फळ हंगामातले व गावचे घ्यावे. पेरूत सफरचंदाच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असते.

५. खाऊचे दहा रुपये हाती आले, तर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे घ्यावेत. कुरकुरीत पाकिटात मुख्यतः पीठ, तेल व मीठ असते.

पालकांसही एक विनंती आहे. घरात खरोखरच काही नसेल, तर ते आम्हांस निःसंकोच कळवावे. चार माणसांनी मिळून त्यावर मार्ग काढता येतो. पण डब्यात पेज आहे म्हणून मुलाने उपाशी राहणे, ही आपत्ती गरिबीने आणलेली नसते. ती आपण आपल्याच अन्नाला नावे ठेवून आणलेली असते.

विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत एक अभ्यास करा. आजीजवळ बसून तिच्या लहानपणी सकाळ, दुपार, संध्याकाळ काय शिजत असे ते वहीत लिहून घ्या. त्यात धान्य, कडधान्य, पाला व फळ कोणते ते समासात नोंदवा. आणि आज घरात शिजते त्याच्याशी ताडून पाहा.

तो मुलगा आता दहावीत आहे. मधल्या सुट्टीत तो डबा उघडतो, त्यात कधी पेज व उसळ असते, कधी नाचणीची भाकरी. एकदा त्याने आम्हांसही तुकडा देऊ केला. आम्ही तो सर्वांदेखत खाल्ला.