भामरागडचा मुलूख व तेथील ग्रामसभा

वाचकहो, चोहोंकडून पाण्याने वेढलेल्या भूमीस बेट म्हणतात, हे आपण शाळेत शिकलो. परंतु आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकास, समुद्रापासून फार दूर, एक मुलूख वर्षानुवर्षे पावसाळ्यात बेटासारखा होत आला. तो गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुका होय. तेथे इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम ह्या नद्यांचा संगम आहे. पर्लकोटेस पूर आला म्हणजे पूल बुडे आणि कित्येक गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटे.

१. देश व लोक. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. सन २०११ च्या खानेसुमारीत तेथे दर चौरस किलोमीटरास ७४ माणसे आढळली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ५०४. भामरागड तालुक्याची वस्ती तर सुमारे ३६,००० होती. तींत बहुतेक माडिया गोंड लोक असून त्यांची भाषा मराठीहून निराळ्या, म्हणजे द्राविडी, कुळातील आहे.

२. अडचण. जेथे लोक थोडे व विखुरलेले, तेथे अनेक टोले मिळून एक ग्रामपंचायत होते. कचेरी दूर, वाट रानाची, कागदाची भाषा परकी. अशा ठिकाणी लहान टोल्याचे म्हणणे कोण ऐकणार?

३. कायदा. ह्यावर उपाय म्हणून सन १९९६ मध्ये 'पेसा' नावाचा कायदा झाला. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील प्रदेशास तो लागू आहे. जी वस्ती आपला कारभार रूढीप्रमाणे चालविते, तिलाच तो गाव मानितो, आणि तिच्या ग्रामसभेस अधिकार देतो. गावच्या योजना मंजूर करणे, गौण वनोपजाची मालकी, सावकारी व दारू ह्यांवर नियंत्रण, आणि जमीन संपादन होण्यापूर्वी सल्लामसलत, हे त्यांतील मुख्य होत. महाराष्ट्राने ह्याचे नियम सन २०१४ मध्ये केले.

४. दाखला. त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंडांचे लहानसे गाव आहे. ते लेखा ग्रामपंचायतीत मोडत असे. तथापि तेथील स्त्रीपुरुष स्वतः सभेस बसून सर्वसहमतीने निर्णय घेतात. सन २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये, सन २००९ मध्ये, त्यांस सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु हक्काचा कागद हाती आला तरी बांबू विकून बाहेर नेण्याचा परवाना काही मिळेना. गावाने धीर सोडिला नाही, आणि सन २०११ मध्ये वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्याच हाती आले. सभा बसत नसती, तर तो कागद पेटीतच राहिला असता.

५. बोध. हुपरीस आता नगरपरिषद आहे. परंतु यळगूड, रेंदाळ इत्यादी गावांत ग्रामपंचायतीच आहेत, आणि मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद होय. आपणांस ना पूर आडवा, ना परकी भाषा. असे असता सभेच्या दिवशी आपण घरी बसलो, तर कारभाराविषयी कुरकुर करण्यास आपणांस तोंड उरत नाही.

विचारार्थ प्रश्न
१) 'पेसा' कायदा गाव कशास म्हणतो?
२) मेंढा येथील लोकांस हक्कानंतरही दोन वर्षे का झटावे लागले?
३) आपल्या गावच्या मागील ग्रामसभेस आपल्या घरातून कोण गेले होते?